झोपेचं माप

५ फेब्रुवारी

आज दवाखान्यात सिस्टरशी माझं वाजलं. भांडण म्हणता येणार नाही. मापावरून मतभेद झाला.

हिचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, आतले सगळे अवयव तिच्यात बसलेले असतात. बाळंतपणानं हिची ती झोळी सैल पडली आणि अंग खाली उतरलं. मला हे समजलं मागच्या महिन्यात. हिला किती वर्षं माहीत होतं ते विचारलं, तर म्हणाली, "झाली बरीच." एवढ्या मोघम उत्तरावर मी आयुष्यात कुणाचा वजनकाटा दुरुस्त करून दिलेला नाही.

तर त्या दवाखान्याची रीत अशी, की ऑपरेशनच्या आधी बाईला विचारायचं, बरं झाल्यावर तुम्हाला काय काय करता यायला हवं? तीन गोष्टी सांगा. मग दीड महिन्यानं आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचं, जमलं का, किती जमलं, दहापैकी किती समाधान. खिडकीखालच्या छोट्या टेबलाशी एक सिस्टर बसतात आणि दिवसभर हेच काम करतात. चष्मा डोक्यावर, पेन कानावर.

मी म्हटलं, "दहा म्हणजे कुणाचे दहा? हिचे दहा आणि त्या बाकावरच्या बाईंचे दहा सारखे कशावरून? मी वजनकाटे दुरुस्त करतो. माझ्याकडे पितळेची प्रमाण वजनं आहेत. कुठलाही काटा आला की आधी त्यांच्याशी ताडून बघतो. तुमचं प्रमाण वजन कुठाय?"

"काका, इथं प्रमाण ती बाईच. आधीची ती आणि नंतरची ती."

हे उत्तर चोख होतं. मी तसं बोलून दाखवलं नाही.

हिची पहिली इच्छा, बहिणीकडे बसनं जायचं, पाणी पिऊन. सध्या जायच्या दिवशी सकाळपासून ही पाण्याला शिवत नाही, आणि वाटेतलं प्रत्येक स्वच्छतागृह हिला तोंडपाठ आहे. मी समजत होतो हिला प्रवासाचा कंटाळा.

दुसरी, उभ्यानं हसायचं.

सिस्टरनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हणजे?"

"म्हणजे हसू आलं की बसावं लागतं. नाहीतर पाय आवळून भिंत धरायची. तसं नको."

मी विनोद केला की ही भिंतीकडे तोंड करते, ते मी पुष्कळ वर्षं पाहतो आहे. विनोद पडला असं धरून मी ते हळूहळू बंदच केले होते.

तिसरीला फार वेळ लागला. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, शेवटी म्हणाली, "रात्री आतल्या खोलीत निजायचं. सकाळपर्यंत."

सिस्टरनी लिहिलं, रात्री उठावं लागू नये. मी म्हटलं, बरोबर, ही फार वेळा उठते, मला आतून न्हाणीची कडी ऐकू येते. आणि नोंद पुरी असावी म्हणून हेही सांगितलं, की ही पुढच्या खोलीत निजते त्याचं कारण वेगळं आहे. माझं घोरणं. आठ वर्षांपूर्वी हिनंच तसं सांगितलं आणि आपली गादी उचलून गेली.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. ही खिडकीबाहेर बघत होती.

१३ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नीट झालं.

बाहेर बसवेना. व्हरांड्यात एक उभा काटा होता, सहज उभा राहिलो तर दीड किलोनं कमी दाखवत होता. खिशात पेचकस होताच. उघडला, स्प्रिंग ताणून शून्यावर आणला, बंद केला. तेवढ्यात सिस्टर आल्या. "काका, तो भंगारात जायचाय. उद्या गाडी येणार आहे न्यायला."

आता निदान भंगारात बरोबर वजन दाखवत जाईल.

हिला पाहिलं. चेहरा कागदासारखा. शुद्धीवर येताना पहिलं वाक्य बोलली, "तुम्ही जेवलात का?"

१७ फेब्रुवारी

हिला घरी आणलं. लेक रजा काढून आली आहे.

भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद. पण किटली कुणाची, केवढी? दुकानातला छोटा काटा घरी आणला आणि दोन तासांत स्वयंपाकघर तोलून काढलं. प्रत्येक भांड्यावर, बरणीवर, बादलीवर वजनाची चिठ्ठी डकवली. हिरवी म्हणजे उचल, लाल म्हणजे हात लावू नकोस. बादली रिकामी हिरवी, भरली की लाल, म्हणून तिला दोन्ही.

लेक म्हणाली, "बाबा, आईवर पण एक चिकटवा. नाजूक आहे, सांभाळून ठेवा."

"चेष्टा नको. शिस्त आहे म्हणून माझं दुकान चालतं."

"कळलं." मग मी घरभर फिरलो, आणि शेजाऱ्यानं हटकलं तेव्हा समजलं की माझ्या पाठीवर लाल चिठ्ठी आहे. 'अति जड.' ही कॉटवर पडल्या पडल्या तोंडावर पांघरूण ओढून हलत होती. टाके दुखतील म्हणून मी लेकीला रागावलो.

पुढच्या खोलीतली कॉट लाकडी ठोकळे घालून उंच केली, म्हणजे उठताना पोटावर ताण पडणार नाही. न्हाणीचं दार तिथून हाताच्या अंतरावर. ठोकळे स्वतः तासले. कॉट जराही डुगडुगत नाही. कुणी सुतार हे करून दाखवणार नाही, आणि मला हे काम कुणी शिकवलेलं नाही. मला कुठलंच काम कुणी शिकवलेलं नाही.

२५ फेब्रुवारी

हिला व्यायाम दिले आहेत. आतले स्नायू वर ओढून धरायचे आणि सोडायचे. बाहेरून काही दिसत नाही. ही खुर्चीत डोळे मिटून बसते, चेहरा देवाघरी गेल्यासारखा शांत, आणि मला कळत नाही व्यायाम चालू आहे की डुलकी.

"किती जोर लागतो?" विचारलं.

"कसं सांगू?"

"कालच्यापेक्षा जास्त की कमी?"

"अहो, मला मोजत बसू नका. मी काय गिऱ्हाईकाचा काटा आहे?"

लेक दारातून म्हणाली, "काटा असतीस तर बरं झालं असतं आई. दुकानात नेऊन उघडून तरी बघितलं असतं."

दोघी हसल्या. ही बसलेलीच होती, त्यामुळे दुसऱ्या इच्छेबद्दल काही अनुमान काढता आलं नाही.

लग्नानंतरची पहिली वर्षं आज का आठवावीत? तेव्हा एकच खोली होती. दुकान पुढे, मागं आम्ही. दिवा मालवला की ही बोलायला लागायची. कोण काय म्हणालं, कुणाच्या मुलीचं काय झालं, उद्या काय करायचं. बोलता बोलता मध्येच वाक्य सोडून झोपायची आणि पुढं काय झालं याचा विचार करत मी जागा. हिचे पाय कायम गार. ते माझ्या नडग्यांवर टेकवायची, विचारायची नाही.

गार वाटायचं, मी ओरडायचो. आता नडग्या आपल्या गरम असतात रात्रभर.

११ मार्च

दुपारी जेवायला घरी आलो तर स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज. साधासुधा नाही, खो खो. हिचा. मी चपलांसकटच आत धावलो.

ही ओट्याशी उभी. हात ओट्याला नाही, भिंतीला नाही. लेक डोळे पुसते आहे.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचंच."

"माझं काय?"

"ते व्हरांड्यातल्या काट्याचं." आणि दोघी परत सुरू. हिचा एक हात हवेत, त्यात चमचा.

मी उभ्याउभ्या दोन चतकोर जेवलो आणि दुकानात गेलो. एका भाजीवाल्याचा काटा आला होता. संध्याकाळपर्यंत त्याचं काही झालं नाही. तो म्हणाला, "शेट, आज लक्ष नाही." त्याला म्हटलं, लक्ष आहे, स्प्रिंग नाही. स्प्रिंग होती.

अशी हसते ती अजून. मला वाटलं होतं, वयानं गेलं.

२७ मार्च

दीड महिन्याची तपासणी. मी बाहेर. डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि ही, पुष्कळ वेळ आत. बाहेर आली तेव्हा गाल लाल होते.

चालत घरी आलो, हिच्या आग्रहानं. वाटेत म्हणाली, "सगळं भरलंय म्हणाल्या. आता काही बंधन नाही म्हणाल्या."

"किलोचं?"

"किलोचं आहे थोडं अजून."

"मग बंधन नाही कसं? एकतर आहे किंवा नाही."

रस्ता ओलांडायचा होता. गाड्या जाईपर्यंत ही माझ्या दंडाला धरून उभी राहिली. मग गाड्या गेल्या तरी हात तिथंच होता. "तुम्ही ना," म्हणाली. पुढं काहीच नाही. मी वाट बघत होतो वाक्य पुरं होण्याची.

रात्रीच्या गाडीनं लेक परत गेली.

२८ मार्च

आज चिडलो, आणि चिडायला नको होतं असं वाटतं आहे, पण चूक कुठं झाली ते सापडत नाही. म्हणून लिहून काढतो.

संध्याकाळी दुकान बंद करून आलो तर पुढच्या खोलीतली कॉट रिकामी. लाकूड नुसतं. आतल्या खोलीत माझ्या गादीशेजारी हिची गादी. उशीला नवा अभ्रा, निळा. खिडकी उघडी. ही केस विंचरत बसलेली.

"गादी कुणी आणली?"

"मी."

"अगं, अकरा किलो आहे ती! लाल चिठ्ठी आहे तिच्यावर."

"उचलली नाही. ओढत आणली."

"ओढणं उचलण्याहून वाईट. टाके आतून तुटले तर? एवढं सगळं केलं ते पाण्यात जाईल." मी गादी गुंडाळायला घेतली. "आणि माझं घोरणं? तू तिसरी इच्छा काय सांगितलीस? सकाळपर्यंत झोप. माझ्या शेजारी ती मोडली की तीन महिन्यांनी सिस्टर शून्य मांडणार. केवळ मला बरं वाटावं म्हणून तू असला धोका पत्करायचा नाहीस."

ही विंचरता विंचरता थांबली. फणी केसात तशीच.

"हो," म्हणाली. "घोरण्याचं राहिलंच की."

"राहिलं नाही, मी ध्यानात ठेवलंय."

"राहू दे मग तिकडे."

गादी पुढच्या खोलीत नेऊन घातली, चादर चारी कोपऱ्यांत ताणून. उशी नेताना दारात थांबलो. अभ्र्याला इस्त्री केलेली होती. घड्या अगदी सरळ. हिला इस्त्रीचा तिटकारा आहे, घरातली सगळी इस्त्री मीच करतो.

मला नको होतं का? आठ वर्षं मी पलीकडच्या अर्ध्या जागेत पाय पसरलेला नाही. पण आपल्याला हवं म्हणून दुसऱ्याच्या तब्येतीवर हात मारायचा, हे काही मला जमणार नाही.

८ एप्रिल

ही कमी बोलते. भांडण नाही. विचारलं ते सांगते, चहा वेळेवर. चिठ्ठ्या एकेक करून काढते आहे. मी विचारलं, तर म्हणाली, "पाठ झाल्या."

२० एप्रिल

पहिली इच्छा पुरी झाली. ही बहिणीकडे गेली.

स्टँडवर सोडायला गेलो होतो. बस लागली, ही खिडकीशी बसली. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघत घटाघट सगळी प्याली. तळापर्यंत. हनुवटीवरून ओघळ आला तो पालथ्या हातानं पुसला.

"बघा," म्हणाली.

मी बघितलं. आजूबाजूची माणसंही बघायला लागली. मग मी उगाच ड्रायव्हरला त्याच्या मागच्या चाकातली हवा कमी आहे असं सांगायला गेलो.

"परत कधी?" खिडकीखालून विचारलं.

"बघू. राहीन थोडी. ताई एकटीच असते."

मीही एकटाच असणार आहे, हे ध्यानात आलं तेव्हा बस वळली होती. ज्या प्रवासासाठी एवढा खटाटोप केला, तो हिला माझ्यापासून लांब घेऊन गेला.

२६ एप्रिल

फोन केला. मोठ्या मेहुणीनं उचलला.

"काय जावईबापू, कसं चाललंय? वजन घटलं की वाढलं?"

"तिला द्या जरा."

"ती फिरायला गेलीय. शेजारच्या बायकांबरोबर. ऐकत नाही हो आता कुणाचं. काल डोंगर चढून आली."

"डोंगर? केवढा?"

"आणते हं काटा, तोलून सांगते."

या बाईशी माझं कधी जमलं नाही. फोन ठेवताना मात्र जरा थांबली आणि म्हणाली, "जावईबापू, एक विचारू? तुमच्याकडे ती पुढच्या खोलीत का झोपते हो?"

मी सांगितलं, माझं घोरणं. ती "हं" म्हणाली. नुसतं "हं". त्या घराण्यात सगळ्यांनाच वाक्य अर्धं सोडायची खोड आहे.

२८ एप्रिल

विचार करून ठरवलं. हिनं आठ वर्षांपूर्वी एक दोष दाखवला. दोष दाखवला की दुरुस्त करणं हा माझा धंदा. एवढ्या दिवसांत दुनियेचे काटे सरळ केले आणि स्वतःच्या नाकाचं काम घरगुती उपायांवरच सोडून दिलं. दिव्याखाली अंधार.

वाचून काढलं. घोरणारा माणूस उताणा झोपतो तेव्हा जीभ मागं पडते. कुशीवर झोपलं की वाट मोकळी राहते. म्हणजे पाठीशी काहीतरी हवं. एक लाकडी पाचर तासली, तिला कापड गुंडाळलं, बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात बसवली. उताणं होऊ म्हटलं तरी होता येणार नाही.

पण इलाजाआधी मूळ माप घ्यायला हवं. सिस्टरचं तत्त्व. आज पाचर न लावता झोपणार, फोन उशाशी ठेवून, आवाज टिपायला.

२९ एप्रिल

दुकानात बसून सगळं ऐकलं. पंखा. एक कुत्रं. न्हाणीतला नळ ठिबकतो, वायसर बदलायला हवा. पहाटे कधीतरी मी "अगं" म्हणून हाक मारली आहे. स्पष्ट. मग कूस बदलल्याचा आवाज. घोरणं नाही.

फोनच बिघडला असणार. ताडून पाहायला म्हणून फोनसमोर मुद्दाम घोरलो, चांगलं दणदणीत. तेवढ्यात एक बाई काटा घेऊन आल्या आणि दारातूनच परत गेल्या. फोन ठीक आहे. सगळं स्वच्छ टिपलं गेलं.

मग एकच अर्थ. आपलं माप घेतलं जातंय हे शरीराला कळलं. गिऱ्हाईक काट्यावर श्वास धरून उभं राहतं, तसं. आणखी काही दिवस करून पाहायला हवं.

६ मे

आठवडाभर रोज ऐकलं. पाचर लावून, पाचर न लावता, उताणा, कुशीवर. पंखा, नळ, कुत्रं. दोन वेळा ती हाक. घोरणं नाही.

वयाबरोबर घसा आवळतो की सैल होतो याबद्दल पुस्तकांत एकमत नाही, पण अनुभव समोर आहे. सुंठीवाचून खोकला गेला! पाचरीलाही थोडं श्रेय द्यायला हवं, पहिल्याच दिवसापासून जरब बसली असणार.

पडताळा म्हणून लेकीला फोन केला. "मी घोरतो का गं?"

"काय?"

"घोरतो का. लहानपणी तू पलीकडेच झोपायचीस."

"आई म्हणते ना, म्हणजे घोरत असाल."

"तू ऐकलंयस का, ते सांग."

"बाबा," लेक म्हणाली, अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तशी, "तुम्ही आईला फोन करा. आत्ता करा."

पोरं धोंड्यासारखी झोपतात, त्यांची साक्ष धरता येत नाही. फोन मात्र करायला हवा.

७ मे

काल धीर झाला नाही. आज केला.

"घोरणं गेलं," मी सांगितलं. आधी तब्येत विचारायची असं ठरवलं होतं, पण हेच आधी बाहेर पडलं.

"काय गेलं?"

"माझं घोरणं. पूर्ण. फोनवर टिपून पाहिलं, आठ दिवस. एकदाही नाही. मी पाचर केली होती पाठीला, पण तिचीसुद्धा गरज लागली नाही."

फोन कटला असं वाटलं. "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय." आवाज कसातरी, तोंडावर हात धरल्यासारखा. "पाठीला पाचर लावून निजलात?"

"चार दिवस."

"टोचली नाही?"

"टोचण्यासाठीच असते ती."

मग म्हणाली, "अहो, मी तेव्हा तसं म्हणाले, घोरण्याचं. तुम्हाला फार लागलं होतं का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? आठ वर्षं मी तोंडाला फडकं बांधून झोपून पाहिलं, कोमट पाणी पिऊन पाहिलं, भिंतीकडं तोंड करून पाहिलं. हिला ते कधी सांगितलं नाही. "छे," म्हटलं. "खरं ते खरं. दोष होता, तू दाखवलास."

मागून मेहुणीचा आवाज आला, "काय गं, रडतेस की हसतेस?" हिनं तिला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. माझ्या मते रडत नसावी. रडण्यासारखं मी काही बोललो नव्हतो.

"मग इलाज लागू पडला म्हणायचा," ही म्हणाली.

"म्हणजे आता तुझी झोप मोडणार नाही. तुला वाटलं तर. जबरदस्ती नाही. पुढच्या खोलीतली कॉट आहेच."

"बुधवारच्या बसनं येते," म्हणाली. "गादी तुम्ही हलवून ठेवा. मला जड उचलायचं नाही."

१२ मे

उद्या येणार. नळाचा वायसर बदलला. निळ्या अभ्र्याला पुन्हा इस्त्री केली, आणि घडी हिच्यासारखी पडेना म्हणून पुन्हा केली. कॉटचे ठोकळे काढून माळ्यावर टाकले. मग वाटलं, हे जरा घाईचं होतंय. परत खाली आणले. मग पुन्हा वर.

१४ मे

सकाळचे नऊ वाजून गेलेत आणि मी अजून घरी. स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे.

काल बसमधून उतरली ती उन्हानं रापलेली, हातात स्वतःची पिशवी. मी घ्यायला गेलो तर म्हणाली, "हिरवी आहे." घरी आली, आतल्या खोलीत डोकावली. जेवताना बहिणीच्या गावच्या गोष्टी. दिवा मालवला तरी गोष्टी चालूच. शेजारीण डोंगरावर कशी घसरली, तिला उठवायला तिघी गेल्या आणि तिघीही कशा बसल्या. मग "आणि ती चौथी तर," म्हणाली आणि झोपली.

चौथीचं काय झालं याची मी वाट बघत होतो. झोपायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. इलाज नवा आहे, पहिल्याच दिवशी उलटला तर हिचं तिसरं माप फुकट जाईल.

आणि मग आवाज सुरू झाला. आधी वाटलं बाहेर कुणी लाकूड कापतंय. मग वाटलं पंखा. पंखा नव्हता. ही घोरत होती. तोंड किंचित उघडं, हात डोक्यावर टाकलेला, आणि असलं खणखणीत, बिनधास्त घोरणं, की खिडकीची काच थरथरावी. फोन उशाशीच होता. टिपावं असं मनातही आलं नाही. मी एका कुशीवर तसाच पडून राहिलो. हात बधिर झाला तरी बदलला नाही, ती हलली असती.

एकदाही उठली नाही. कडी वाजली नाही.

आत्ता फोन आला. सिस्टर. "काका, तीन महिने झाले. त्यांना द्या, तीनच प्रश्न आहेत."

"झोपलीय."

"अजून? उठवता का जरा? दोन मिनिटांचं काम."

"नाही."

"बरं, तिसऱ्यापुरतं तुम्हीच सांगा. रात्री उठल्या का?"

"ते तिला विचारा. दुपारी करा फोन. नाहीतर उद्या."

सिस्टर हसल्या. "आणि ते तुमचं घोरणं?"

मी आतल्या दाराकडं पाहिलं. आवाज तिथून अजून येत होता, फोनवर गेला असेल काय कुणास ठाऊक. "आहे," म्हटलं. "अजून थोडं आहे."

फोनच्या आवाजानं असेल, आतलं लाकूड कापणं थांबलं. गेलो तर ही डोळे अर्धे उघडून, कुठं आहोत ते शोधत होती. खिडकीतलं ऊन गादीच्या मध्यापर्यंत आलं होतं.

"किती वाजले?"

"वाजले थोडे."

"रात्री कुणी घोरत होतं का हो? स्वप्नात काहीतरी आवाज येत होता."

"मीच," म्हटलं. आजवर कुठल्याही काट्याबद्दल मी गिऱ्हाईकाला चुकीचा आकडा सांगितलेला नाही. "इलाज अर्धाच लागू पडलेला दिसतोय. तुला त्रास झाला?"

ही माझ्याकडं बघत राहिली. मग अंथरुणावर थोडी पलीकडे सरकली.

"असू दे," म्हणाली. "मला काही ऐकू आलं नाही."

तिच्यासाठी चहा टाकला आहे. दुकान आज उघडत नाही.